जँगो अ‍ॅप्लिकेशनच्या मॉड्यूलमध्ये कोड आणि डेटा कसा वाटावा? आधी प्रत्येक टेबलाचा मालक ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घाऊक विक्रीचा व्यवहार सांभाळणारं जँगोवरचं (पायथनमध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्याची चौकट) एक अ‍ॅप्लिकेशन आहे. त्यात ग्राहक, साठा, मागण्या आणि बिलिंग अशी चार अ‍ॅप आहेत. सगळ्यांना लागणारा कोड 'कॉमन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. तरीही प्रत्येक अ‍ॅप दुसऱ्याची मॉडेल (डेटाबेसच्या टेबलांचं वर्णन करणारे क्लास) थेट इम्पोर्ट करतं, वर्तुळाकार इम्पोर्टच्या एरर येतात आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे काहीतरी मोडतो. हे सगळं नीट कसं वाटून घ्यायचं? की सरळ मायक्रोसर्व्हिसेसकडे, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणाऱ्या वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रामांकडे, वळावं?

मायक्रोसर्व्हिसेसचं आधी सांगतो: आत्ता नको. तुमच्या चार अ‍ॅपमधल्या सीमा एकाच प्रोसेसमध्ये, एकाच डेटाबेसवर स्पष्ट होत नसतील, तर मध्ये नेटवर्क आणल्याने त्या स्पष्ट होणार नाहीत. तोच गुंता राहील. शिवाय आज फुकट मिळणारी दोन साधनं हातातून जातील: टेबलांचा जॉइन (एकाच क्वेरीत दोन टेबलं जोडून वाचणं) आणि एकसंध ट्रान्झॅक्शन. मागणी नोंदवणं आणि माल राखून ठेवणं ही दोन्ही कामं एकतर पूर्ण होतील किंवा दोन्ही रद्द होतील, ही हमी तुम्हाला एका 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉकमध्ये मिळते. वेगळ्या सर्व्हिसेस केल्यावर तीच हमी मिळवायला खूप कोड लिहावा लागतो आणि तो चुकण्याच्या जागाही खूप असतात. ऑनलाइन दुकानांचा प्लॅटफॉर्म असलेल्या शॉपिफायने आपलं अवाढव्य रेल्स (रूबी भाषेतली जँगोसारखी चौकट) अ‍ॅप्लिकेशन एकत्रच ठेवून आतल्या सीमा तपासण्यासाठी पॅकवर्क हे साधन बनवलं आणि 2020 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या पसाऱ्याला हा मार्ग पुरला आहे.

आता मूळ मुद्दा. कोड वाटून घेणं आणि डेटा वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली जोखीमही वेगळी आहे. एकच फंक्शन दोन ठिकाणी लिहिलं गेलं तर फार तर एक बग दोनदा दुरुस्त करावा लागतो. पण एकाच टेबलात दोन अ‍ॅप लिहू लागली की त्या टेबलातला आकडा चुकला तर तो कुणी चुकवला हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून मी नेहमी टेबलांपासून सुरुवात करतो. प्रत्येक टेबलाला एकच मालक अ‍ॅप असलं पाहिजे आणि त्यात लिहिण्याचा हक्क फक्त त्याचाच. कागद घ्या, टेबलांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'यात कोण कोण लिहितं' ते कोड शोधून लिहा. जिथे दोन नावं येतील, तिथेच तुमची मोडतोड होते आहे.

या विचाराला जुना आधार आहे. डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये एकच छोटा प्रोग्राम दोन पद्धतींनी विभागून दाखवला होता. ओळी वाचायच्या, त्यांतले शब्द फिरवून नव्या ओळी करायच्या आणि त्यांची अकारविल्हे सूची छापायची, एवढंच त्याचं काम. पहिल्या पद्धतीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल पाडले होते: वाचणं, फिरवणं, लावणं, छापणं. दिसायला ते अगदी सुटसुटीत होतं. पण ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे त्यातल्या जवळपास प्रत्येक मॉड्यूलला माहीत असावं लागत होतं, त्यामुळे साठवण्याची पद्धत बदलली की सगळीकडे हात घालावा लागे. दुसऱ्या पद्धतीत बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत बंद केला होता, आणि तोच बदल तिथे एका जागी आटपत होता. तुमच्याकडे चार अ‍ॅप आहेत, पण साठ्याच्या टेबलात कोणते कॉलम आहेत हे चारही अ‍ॅपना माहीत आहे. म्हणजे विभागणी फोल्डरांची झाली, ज्ञानाची व्हायची राहिली आहे.

आता 'कॉमन' फोल्डर. तो वाईट नसतो, पण त्याला दार नसतं. कुठे ठेवायचं ते सुचलं नाही की माणूस तिथे ठेवतो. तिथे काय असावं यासाठी माझी कसोटी अशी आहे: हा कोड बदलण्याचं कारण आपल्या कुठल्याही एका अ‍ॅपच्या कामकाजातून येतं का? येत असेल तर तो त्या अ‍ॅपचा आहे. जीएसटीआयएन, म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक, तपासणारं फंक्शन घ्या. पंधरा अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30), पुढची दहा अक्षरं पॅन, शेवटी तपासणीचं अक्षर. ही रचना सरकारने ठरवलेली आहे. ती बदललीच तर सगळ्यांसाठी एकाच वेळी बदलेल. हे फंक्शन कॉमनमध्ये शोभतं. एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह रक्कम छापणारं फंक्शन, पैशांसाठी फ्लोटऐवजी (त्यात दशांश अचूक राहत नाहीत) डेसिमल वापरणारा छोटा क्लास, हेही तसेच.

पण 'सवलत काढा' हे फंक्शन कॉमनमध्ये असेल तर ते आजच बाहेर काढा. अशा फंक्शनचा इतिहास सगळीकडे सारखाच असतो. मागण्या आणि बिलिंग या दोघांत सवलतीचा पाच-सहा ओळींचा कोड सारखा दिसला, म्हणून कुणीतरी तो एकत्र केला. मग परत आलेल्या मालासाठी वेगळा नियम आला, म्हणून फंक्शनला एक ट्रू-फॉल्स पॅरामीटर जोडला. मग डीलरसाठी दुसरा, आणि जुन्या करारांसाठी तिसरा. आता ते फंक्शन आत शिरताक्षणी आपल्याला कोण बोलावतंय हेच तपासत बसतं. कॉमनमधल्या एखाद्या फंक्शनला ट्रू-फॉल्स पॅरामीटर वाढत चालले, तर समजा की दोन वेगळे नियम फक्त दिसायला सारखे होते. ते सोडवायचे कसे, तर त्याच्या प्रती करून ज्याच्या त्याच्या अ‍ॅपमध्ये ठेवायच्या आणि प्रत्येक प्रतीतल्या नको त्या फांद्या छाटायच्या. पुनरावृत्ती टाळण्याचं शिक्षण आपल्यावर इतकं पक्कं बिंबलेलं असतं की हे करताना हात थबकतो. तरीही करा.

वर्तुळाकार इम्पोर्ट कसा होतो ते एकदा नीट समजून घेऊ. पायथन एखादं मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट करताना त्याची रिकामी नोंद आधी आपल्या यादीत करतो आणि मग फाइल वरून खाली चालवतो. मागण्यांच्या फाइलने वरच साठ्याची फाइल मागवली आणि साठ्याच्या फाइलने उलट मागण्यांतला क्लास मागितला, तर मागण्यांचं मॉड्यूल यादीत असतं पण अर्धवट भरलेलं असतं, आणि तो क्लास अजून तयार झालेला नसतो. म्हणून एरर येते. बहुतेक जण इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत नेतात आणि एरर जाते. फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) मॉडेलऐवजी त्याचं नाव स्ट्रिंग म्हणून दिलं तरी जाते. दोन्ही युक्त्या जँगोमध्ये वैध आहेत आणि कधीकधी लागतातही. पण अवलंबित्व जिथल्या तिथेच राहतं, फक्त ते सांगणारी एरर बंद होते.

वर्तुळ दिसलं की मी तीन शक्यता तपासतो. ही दोन अ‍ॅप खरं तर एकच आहेत का? दोघांनाही हवी असलेली तिसरी गोष्ट त्यांच्यात लपली आहे का? की एखादी जबाबदारी चुकीच्या बाजूला बसली आहे? तुमच्या बाबतीत तिसरी शक्यता खरी वाटते. मागणी घेताना माल आहे का हे पाहायला मागण्यांना साठा लागतो. आणि किती माल आधीच्या मागण्यांसाठी अडकला आहे हे मोजायला साठ्याचं अ‍ॅप मागण्यांचं टेबल वाचतं. हे दुसरं वाचन काढून टाका. माल राखून ठेवणं हे साठ्याचं काम आहे. साठ्याच्या अ‍ॅपमध्येच 'आरक्षण' हे टेबल करा: वस्तू, नग, आणि संदर्भ क्रमांक. तो संदर्भ क्रमांक मागणीचा आहे की प्रदर्शनासाठी काढलेल्या नमुन्यांचा, याच्याशी साठ्याला देणंघेणं नाही, त्याच्यासाठी तो नुसता मजकूर आहे. आता मागण्यांचं अ‍ॅप साठ्याचं 'राखून ठेवा' हे फंक्शन बोलावतं, आणि साठ्याला मागण्या नावाचं काही अस्तित्वात आहे हेही माहीत असण्याची गरज उरत नाही.

त्या 'राखून ठेवा'च्या आत एक काळजी घ्या. उपलब्ध नग आधी वाचून, पायथनमध्ये वजा करून, मग सेव्ह करू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघी तोच आकडा वाचतील. 'उपलब्ध नग मागितलेल्या नगांइतके किंवा जास्त असतील तरच तेवढे वजा कर' अशी एकच अपडेट क्वेरी एफ एक्स्प्रेशन (वजाबाकी डेटाबेसलाच करायला सांगणारी जँगोची सोय) वापरून चालवा, आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य आलं तर माल नाही. लिहिणारा एकच असेल तर ही काळजी एकाच जागी घ्यावी लागते. मालकी ठरवण्याचा हा सर्वांत मोठा रोकडा फायदा.

प्रत्येक अ‍ॅपला असं एक अधिकृत दार ठेवा. 'सर्व्हिसेस' नावाची एक फाइल, आणि बाहेरच्यांनी फक्त तिच्यातलीच फंक्शन वापरायची. या दारातून काय बाहेर द्यायचं हे फार महत्त्वाचं आहे, आणि इथेच बहुतेक टीम घसरतात. मॉडेलचा ऑब्जेक्ट किंवा क्वेरीसेट (जँगोमधली डेटाबेसची क्वेरी) बाहेर देऊ नका. क्वेरीसेट आळशी असतो, निकाल मागितल्याशिवाय तो क्वेरी चालवत नाही. तो घेणारा त्यावर आणखी फिल्टर लावू शकतो, म्हणजे तुमच्या कॉलमांची नावं पुन्हा बाहेर गेली. मॉडेलचा ऑब्जेक्ट तर आणखी धोक्याचा, कारण घेणारा त्यावर 'सेव्ह' बोलावू शकतो. जँगोचं 'सेव्ह' काही वेगळं सांगितलं नसेल तर सगळे कॉलम लिहितं. बिलिंगने ग्राहकाचा ऑब्जेक्ट घेतला, तेवढ्यात दुसऱ्या विनंतीत ग्राहकाचा पत्ता बदलला, आणि मग बिलिंगने शिल्लक बदलून 'सेव्ह' केलं, तर नवा पत्ता पुसून जुना परत येतो. कुठेही एरर दिसत नाही. त्याऐवजी लागतील तेवढ्याच गोष्टी असलेला, न बदलता येणारा एक साधा डेटाक्लास द्या: क्रमांक, नाव, जीएसटीआयएन, उधारीची मर्यादा. लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळं, नावावरून हेतू कळणारं फंक्शन.

यावर हमखास येणारा आक्षेप वेगाचा असतो, आणि तो खरा आहे. शंभर मागण्यांची यादी दाखवताना प्रत्येकीसाठी 'ग्राहक द्या' बोलावलं तर शंभर क्वेरी होतात. म्हणून दारावर पहिल्या दिवसापासून घाऊक फंक्शन ठेवा: क्रमांकांची यादी द्या, क्रमांकानुसार ग्राहकांची डिक्शनरी मिळवा. मग काम दोन क्वेरींत होतं. जॉइनपेक्षा ते किंचित हळू असेल, पण नेहमीच्या पडद्यांवर तो फरक कुणाला जाणवत नाही.

अहवालांचं मात्र वेगळं आहे. जिल्हावार विक्री, थकबाकी आणि साठा एका तक्त्यात हवा असेल तर ते पायथनमध्ये जोडत बसणं चुकीचं आहे. अहवालांसाठी वेगळं अ‍ॅप करा, त्याला सगळीकडून वाचायची मुभा द्या आणि लिहायची अजिबात देऊ नका. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यासाठी फक्त सिलेक्टचा हक्क असलेला वेगळा रोल बनवता येतो. शक्यतो मूळ टेबलांऐवजी डेटाबेस व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) वाचायला द्या, म्हणजे टेबल बदललं तरी व्ह्यू तसाच ठेवता येतो.

अ‍ॅपच्या सीमा ओलांडणाऱ्या फॉरेन की ठेवायच्या का, यावर मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: डेटाबेस एकच असेपर्यंत ठेवा. मागणीत असा ग्राहक क्रमांक असू नये की जो ग्राहकच नाही, ही खात्री डेटाबेसइतकी चांगली दुसरं कुणी देत नाही. फक्त दोन गोष्टी बदला. डिलीटच्या वेळी 'कॅस्केड'ऐवजी 'प्रोटेक्ट' लावा, नाहीतर ग्राहक पुसताना त्याच्या मागण्याही जातील, म्हणजे एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या टेबलात लिहिलंच. आणि 'रिलेटेड नेम'मध्ये नुसतं अधिक चिन्ह द्या. ते दिलं नाही तर जँगो ग्राहकाच्या मॉडेलवर मागण्यांकडे जाणारा उलटा रस्ता आपोआप तयार करतो, आणि कुणीतरी तो वापरतंच.

आता एक असं ठिकाण, जिथे डेटाची प्रत करणं हाच बरोबर मार्ग आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. तूप 12 टक्क्यांवरून 5 वर आलं, टूथपेस्ट 18 वरून 5 वर. ज्यांच्या बिलाच्या ओळीत फक्त वस्तूची फॉरेन की होती आणि दर छापताना वस्तूच्या टेबलातून वाचला जात होता, त्यांनी ऑगस्टचं बिल ऑक्टोबरमध्ये पुन्हा छापलं तर त्यावर नवा दर येणार आणि बेरीज जुन्या नोंदीशी जुळणार नाही. तो माल परत आला तर क्रेडिट नोटही मूळ बिलाच्या दरानेच हवी. वस्तूचा आजचा दर आणि त्या दिवशी त्या बिलावर लावलेला दर ही दोन वेगळी सत्यं आहेत, आणि त्यांचे मालकही वेगळे आहेत. बिल तयार होताना दर, वस्तूचं नाव, एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), ग्राहकाचं नाव, पत्ता आणि जीएसटीआयएन हे सगळं बिलिंगच्या टेबलात उतरवून घ्या. 'डेटा दोनदा साठवू नये' हा नियम इथे लागू होत नाही.

सिग्नलबद्दल (एका ठिकाणी घडलेली गोष्ट दुसऱ्या कोडला कळवण्याची जँगोची सोय) सविस्तर सांगतो, कारण मॉड्यूल सुटे करायचे म्हटलं की जँगोवाले आधी तिकडेच धावतात. सिग्नल पार्श्वभूमीत चालत नाही. तो साधा फंक्शन कॉलच असतो, त्याच प्रोसेसमध्ये आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. नेहमीच्या 'सेंड'ने पाठवल्यावर ऐकणाऱ्यात एरर आली तर ती पाठवणाऱ्यापर्यंत पोचते. आणि मॉडेल सेव्ह झाल्याचा सिग्नल क्वेरीसेटच्या 'अपडेट'ला किंवा 'बल्क क्रिएट'ला मिळतच नाही. म्हणून मॉडेलच्या सेव्हवर धंद्याचे नियम टांगू नका. 'माल रवाना झाला' अशी नाव असलेली घटना तुम्ही स्वतः जाहीर करा.

पण तीसुद्धा फक्त अशा कामांसाठी, ज्यांच्या उत्तराची जाहीर करणाऱ्याला गरज नाही. ग्राहकाला एसएमएस जाणं, डॅशबोर्डचा आकडा वाढणं, इतपत ठीक. बिल करणं त्यात बसत नाही. माल गोदामातून निघताना बिल तयार असलंच पाहिजे, ते झालं नाही तर रवानगी थांबली पाहिजे. हे काम घटनेवर सोपवलं तर बिल का झालं नाही हे शोधायला कुणीतरी ऐकणाऱ्यांची यादी उकरत बसेल. त्यासाठी मागण्या आणि बिलिंग या दोघांच्या वर एक पातळ थर ठेवा. त्यातलं 'रवाना करा' हे फंक्शन एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोघांची दारं क्रमाने वाजवतं. वाचणाऱ्याला सगळा क्रम एका पानावर दिसतो.

एसएमएससारखं काम सेलरीकडे (कामं रांगेत घालून वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये चालवणारं साधन) देताना ते 'ऑन कमिट'मध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर, द्या. नाहीतर वर्कर इतक्या लवकर उठतो की मागणीची ओळ अजून कमिट झालेली नसते, आणि त्याला ती सापडत नाही. पाठवताना ऑब्जेक्ट नको, क्रमांक पाठवा. वर्करने ताजी माहिती स्वतः वाचावी. कमिट झाल्यावर आणि काम रांगेत पडण्यापूर्वी प्रोसेस मेली तर ते काम हरवतं. एसएमएससाठी ते चालेल. बँकेला किंवा सरकारी पोर्टलला जाणाऱ्या संदेशासाठी चालणार नाही. तिथे पाठवायचे संदेश त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहा आणि ते टेबल पाहून पाठवणारी वेगळी प्रोसेस ठेवा.

मेमरीतल्या डेटाबद्दल थोडक्यात. मॉड्यूलच्या पातळीवर एक डिक्शनरी ठेवून दोन अ‍ॅपनी ती वापरणं तुमच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतं, कारण तिथे एकच प्रोसेस असते. सर्व्हरवर गनिकॉर्नचे (पायथन अ‍ॅप्लिकेशन चालवणारा प्रोग्राम) चार वर्कर असतील तर त्या डिक्शनरीच्या चार प्रती होतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. जँगोचा लोकल मेमरी कॅशही असाच प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. वाटून घ्यायची माहिती रेडिसमध्ये (सगळ्या प्रोसेसना मिळून वापरता येणारा मेमरीतला साठा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवा.

हे सगळे नियम पाळले जावेत म्हणून कोड रिव्ह्यूवर विसंबू नका. घाईच्या दिवशी तो निसटतोच. इम्पोर्ट-लिंटर हे साधन सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) बसवा. त्यात थर लिहून देता येतात: सर्वांत वर समन्वयाचा थर, खाली बिलिंग, त्याखाली मागण्या, त्याखाली शेजारी-शेजारी साठा आणि ग्राहक, तळाशी कॉमन. खालच्याने वरच्याला इम्पोर्ट केलं की बिल्ड पडतो. दुसरा नियम असा लिहा की एका अ‍ॅपची मॉडेलची फाइल दुसऱ्या अ‍ॅपने थेट इम्पोर्ट करू नये. फॉरेन की स्ट्रिंगने देत असाल तर त्या या नियमात अडकत नाहीत. आज मोडलेले नियम खूप निघतील. ते सगळे अपवादांच्या यादीत टाका आणि बिल्ड हिरवा करा. त्यानंतर यादीत नवी ओळ कुणी घालायची नाही, आणि ज्या फाइलमध्ये काम निघेल तिची ओळ जाता जाता काढायची. यासाठी वेगळा मोठा प्रकल्प मागायची गरज पडत नाही.

क्रम विचाराल तर आधी आरक्षणाचं टेबल, कारण वर्तुळ तिथेच तुटेल. मग बिलाच्या ओळींत दर उतरवणं, आणि जुन्या बिलांसाठी त्या त्या तारखेचा दर भरणारं मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट). मग ग्राहकाचं दार. कॉमनची साफसफाई सर्वांत शेवटी. पुढे कधी साठ्याचं अ‍ॅप खरोखर वेगळं चालवावं लागलं, उदाहरणार्थ गोदामासाठी स्वतंत्र टीम आली, तर बोलावणारा कोड फारसा न बदलता त्या दारामागे नेटवर्क कॉल घालता येईल. फॉरेन कीच्या जागी मात्र नुसते क्रमांक येतील आणि मागणी-आरक्षणाचं एकत्र ट्रान्झॅक्शन सुटेल. आरक्षण झालं पण मागणी नोंदली गेली नाही, असे प्रसंग तेव्हा येणार. म्हणून आरक्षणाच्या टेबलात मुदतीचा कॉलम आणि दारावर 'आरक्षण सोडा' हे दोनदा बोलावलं तरी बिघडणार नाही असं फंक्शन आत्ताच ठेवा. आजही ग्राहक मागणी अर्धवट सोडून गेला की ते लागणारच आहे.